यंदा भाची कोणाकडे

हिंदी मुलखातल्या आमच्या सासरी भाऊ तीन आणि महालक्ष्म्यांच्या मुखवट्यांचा जोड एकच. म्हणून एका वर्षी त्या कमानिया गेटजवळ मोठ्या दिरांकडे बसतात, पुढच्या वर्षी शहराच्या दुसऱ्या टोकाला आमच्याकडे रांझीला, मग धाकट्याकडे. या व्यवस्थेचा घराला असा तोरा, जसं काही संविधानच आम्ही लिहिलं.

माझी नणंद आणि तिचा नवरा एकापाठोपाठ गेले. मागे राहिली चौथीतली पोरगी. तेराव्यानंतर मोठ्या दिरांकडे बैठक बसली. खव्याची जिलबी आली. तिच्यावर ताव मारता मारता सगळ्यांचे डोळे भरून आले. माया इतकी ओसंडून राहिली होती की पोरगी राहील कुठं, हे विचारायचं कोणाला सुचेना. मी विचारलं. तर दीर म्हणाले, "त्यात काय? महालक्ष्म्या फिरतात तशी फिरेल. चार-चार महिने. कोणालाच जड नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या, माझ्या नवऱ्यानंसुद्धा. हातातली गाळणी फेकून मारावी असं मला वाटलं. पण मी चहाच गाळला.

फिरली पोरगी. मोठ्यांकडे भाजीत साखर, धाकट्याकडे पोळ्या जाड. ती कशालाच नाही म्हणायची नाही. तिची निळी बॅग मात्र कधी रिकामी झाली नाही. मी तिला कपाटात एक कप्पा मोकळा करून दिला, तर तिनं तिथं फक्त कंगवा ठेवला.

आमच्याकडे असताना झोपाळ्यावरून पडली आणि हात मोडला. दवाखान्यात ऑपरेशनच्या कागदावर सही करायला मी पेन उघडलं, तर काउंटरवरचा विचारतो, "आप कौन लगती हैं?" मी म्हटलं, मामी. "मामी नहीं चलेगी जी, गार्जियन को बुलाइए." कोणता बोलावू बाबा? या चार महिन्यांचा की पुढच्या चार महिन्यांचा? शेवटी मोठ्या डॉक्टरांनी माझी सही चालवून घेतली. तोवर पोरगी मोडका हात पोटाशी धरून बाकावर बसून होती. रडली नाही. तिचं ते न रडणंच मला सोसवलं नाही.

मी वकीलबाईंना गाठलं. त्या म्हणाल्या, "नुसती घरात ठेवायची तर ठेवा. पण उद्या कोणी नातेवाईक चल म्हणाला, तर तुम्ही तिला कशाच्या जोरावर थांबवाल? कोर्टातून पालकत्व घेतलं, तर ती तुमच्याकडेच राहील."

घरात भडका उडाला. "काहून? घरच्या लेकराला कोर्टात ओढून राहिली तू?" मोठे दीर फोनवर कडाडले. "मराठ्यांच्या अंमलापासून इथं आहोत आपण. कचेरीची पायरी कधी चढलो नाही." शेजाऱ्याच्या भिंतीपायी स्वतः वर्षानुवर्षं तारखा केल्या, तो इतिहास त्यांनी सोयीनं गाळला. जाऊबाई म्हणाल्या, समाजात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आमचे हे म्हणाले, "चलो, जरा थांबू." मी म्हटलं, "तुम्ही थांबा खुशाल. तिचे चार महिने संपून राहिले."

मग मी एकेकाला फोन करून इतकंच समजावलं, की हुकूम झाला म्हणजे तुमची पाळी कायमची बंद. पोरगी राहायला येणार नाही. घराण्याची अब्रू त्याच संध्याकाळी शांत झाली. हरकत नसल्याच्या कागदावर पहिली सही मोठ्या दिरांची पडली, चांगली झोकदार, खाली रेघ ओढून. मला हसू आलं आणि रागही आला.

हुकूम आला तो महालक्ष्म्यांच्या तोंडावर. यंदा मान धाकट्याचा होता, म्हणून मी मुखवटे मऊ फडक्यात गुंडाळत बसले होते. पोरगी शेजारी येऊन बसली. मी म्हटलं, "आता तू इथंच राहायचं. कोणाकडे जायचं नाही. कोर्टानं सांगितलंय."

"पक्का?"

"पक्का."

ती उठून आत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला आणि बराच वेळ खुडबुड चालली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात निळी बॅग होती, रिकामी. ती तिनं माझ्यासमोर ठेवली.

"मामी, ये बैग महालक्ष्मी को दे दो. जायचं तर त्यांना आहे न."