हिवराखाली ठेवलेला दगड

मी चौथीपर्यंत शिकले आणि त्यानंतर बावीस वर्षं अकोटजवळच्या एका रोपवाटिकेत रोजाने पिशव्या भरल्या. माती, वाळू, शेणखत कालवायचं, काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत ठोकून बसवायचं, बी टोचायचं, झारीने पाणी द्यायचं. झाडाबद्दल मला कोणी शिकवू नये. पण ज्यांनी जन्मात तुळशीपलीकडे काही लावलं नाही, तेच मला शिकवायला येतात.

मुलाने अमरावतीत बायपासपलीकडे प्लॉट घेऊन घर बांधलं आणि मी त्याच्याकडे राहायला आले. लेआउटच्या शेवटच्या गल्लीत नाल्याला लागून ओपन स्पेस आहे. कागदावर तो बगीचा. पंधरा वर्षं त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही, म्हणूनच तिथे रान उभं राहिलं. मधोमध एक जुना हिवर, बाभळीच्याच जातीचा, पांढरट सालीचा, इथे शेत होतं आणि तूर पेरायचे तेव्हापासूनचा. त्याच्याभोवती बाभळी, बोरी, दोन कडुनिंब, आणि नाल्याच्या काठाने पळसाची रांग. बाभळीवर सुगरणींचे खोपे. मे महिन्यात भर दुपारी मी तिथे उघड्या जमिनीवर बसू शकत होते. आमच्या गच्चीवर त्या वेळी पाय ठेवता येत नव्हता. असं रान सगळ्या शहरात वाढायला हवं होतं. आमच्याकडे ते फुकट आलं होतं, तर आमच्या डोळ्यात खुपलं.

लेआउटच्या कमिटीचा सचिव हा निवृत्त कारकून. एका सकाळी तो टेप घेऊन रान मोजत होता. मी विचारलं.

"आजी, आता इथं दाट जंगल करून राहिलो आमी. महापालिकेतून मंजूर झालं."

"मंग हे काय होय?"

"हे? हे झुडपं होय. काटेरी. सोमवारी जेसीबी येते, सगळं साफ करते. मंग रोपं लावू."

"जंगल लावासाठी जंगल तोडता का गा?"

"तुमाले नाई समजत, आजी. फोटो पाठवा लागते."

समजत नाही! त्याच्या आधीच्या वर्षी यांनी गल्लीच्या कडेला रोपं लावली होती. नारळ फोडला, टाळ्या वाजवल्या, फोटो काढले. दिवाळीपर्यंत सगळी वाळली. मी एक उपटून पाहिलं. पिशवीसकट लावलं होतं. मुळं आत गोल गोल फिरून गुदमरली होती. मी ते सचिवाच्या फाटकावर नेऊन टांगलं. त्याला वाटलं कोणी करणी केली. त्याने घरासमोर लिंबं कापली.

अशा माणसाच्या हातात ते रान जाणार होतं.

मी नगरसेवकाकडे गेले. तो घरी नव्हता. तीनदा गेले, तीनदा नव्हता. मुलगा म्हणाला, "आई, आपल्याले याईच्यातच राह्याचं आहे." रविवार उजाडला. तेव्हा माझी शेजारीण, चांदूर बाजारकडची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "काकू, एक दगड ठेवून देऊ ना हिवराखाली. शेंदूर लावून. जेसीबीवाला हात लावत नाई मंग."

तिचं खोटं नव्हतं. आमच्या गावच्या रस्त्याचं रुंदीकरण झालं तेव्हा आंबे गेले, चिंचा गेल्या. एक वेडावाकडा कडुनिंब तेवढा राहिला, कारण त्याच्या बुडाशी शेंदूर होता. रस्त्याने त्याला वळसा घातला. आमच्या लोकांना झाड दिसत नाही, शेंदूर दिसतो.

"हिवराखाली कोनी देव पाह्यला का वं?" मी म्हणाले. हिवराची सावली वाईट, असं म्हणणारी माणसं आमच्याकडे पुष्कळ.

"नसन पाह्यला तं आता पाहतीन."

दुपारी गल्ली झोपलेली असताना मी नाल्यातून एक उभट दगड उचलून आणला. घरातला शेंदूर तेलात कालवला आणि दगडाला फासला. शेजारणीने लाल फडकं बांधलं, दोन उदबत्त्या लावल्या आणि वर हात जोडले.

"आपनच ठेवला न आताच," मी म्हणाले.

"असू द्या काकू. आता ठेवला म्हून काय झालं?"

तिथेच मला कळायला हवं होतं.

सोमवारी जेसीबी आली. चालकाने दगड पाहिला, खाली उतरला, चपला काढल्या आणि सचिवाला म्हणाला, "साहेब, मी नाई लावत हात. मले लेकरंबाळं आहेत." सचिवानेही हात जोडले. जेसीबी परत गेली. मी घरी येऊन एक भाकर जास्त खाल्ली. फार शहाणपणा केला, असं मला वाटलं.

महिन्याभरात हिवराभोवती ओटा झाला. मग ओट्याला फरशी. मग वर टिनाचं शेड. फरशी थेट सालीला नेऊन भिडवली, बोटभर मातीही उघडी ठेवली नाही. मंगळवारी आरती सुरू झाली. येणाऱ्यांना काटे टोचतात म्हणून बाभळी तोडल्या, बोरी तोडल्या. खोपे खाली पडले होते, पोरींनी ते शोकेसमध्ये ठेवायला नेले. महाप्रसादाचा मंडप बसत नव्हता म्हणून कडुनिंब गेले. सचिव सगळ्यांना सांगू लागला, हे ठाणं फार जुनं आहे, माझ्या आजोबाने सांगितलं होतं. त्याचा आजोबा या बाजूला कधी आलाही नसेल.

शेड मोठं करायची सभा भरली तेव्हा मी उभी राहिले.

"तो दगड मी ठेवला," मी म्हणाले. "नाल्यातून आनला. शेंदूर माह्या घरचा. झाड वाचावं म्हून ठेवला. तुमी दगड धरला अन् झाडं तोडले."

मला वाटलं, लोक चिडतील, मला शिव्या घालतील, पण निदान शेड थांबेल. सचिव हळूच हसला आणि म्हणाला, "आजी, तुमी नाई ठेवला. त्यानं तुमच्या हातून ठेवून घेतला."

आणि दोन बायका उठून माझ्या पाया पडल्या! मी पाय मागे घेतले, तरी पडल्या. शेजारीण खाली मान घालून सतरंजीचे धागे ओढत बसली होती.

दुसऱ्या दिवशी सचिव आमच्या घरी आला. चहा घेतला. "आजी, हे बाहेर बोलू नका. लोकाईची भावना आहे. तुमाले काय पाह्यजे ते सांगा."

मी सांगितलं. हिवराच्या बुडाभोवती दोन हात फरशी काढायची, माती मोकळी करायची. आणि नाल्याकाठच्या पळसांना कोणी हात लावायचा नाही. मग मी तोंड उघडणार नाही. तो हो म्हणाला. फरशी खरंच काढली, दोन हात नाही, वीतभर. मी वर्षभर तोंड बंद ठेवलं. कोणी विचारलं की हे ठाणं किती जुनं, तर मी घरात निघून जायची. बाकीच्यांवर चिडते तेवढीच मी त्या वर्षासाठी स्वतःवर चिडते.

या फाल्गुनात पळस फुलले होते आणि त्यांनी ते फुलांसकट तोडले. गाड्या लावायला जागा हवी होती.

मी सचिवाच्या दारात गेले. "शब्द देल्ला होता तू."

"थो माहा शब्द होता, आजी. कमिटीचा ठराव नोता. अन् नवीन रोपं लावू न आपन पावसाळ्यात."

"पिशवीसकट?"

त्याला ते कळलंही नाही.

म्हणून मी आता हे सगळं लिहून काढलं आहे. माझा शब्द त्याच्या शब्दाला बांधलेला होता. त्याचा तुटला, माझाही सुटला. मुलगा म्हणतो, हे छापून आलं तर लोक आपल्याशी बोलणार नाहीत. नका बोलू.

हिवर एका बाजूने वाळतो आहे. त्याचं काय होईल ते मी सांगू शकत नाही. पण पळस तोडला तरी मुळातून फुटतो, चाकाखाली आला नाही तर. खुंटांना तांबूस धुमारे आले आहेत. रोज सकाळी आरतीच्या आधी मी प्लास्टिकची खुर्ची नेऊन त्यांच्या मधोमध बसते. काल एकाने हॉर्न वाजवला, मग काच खाली करून म्हणाला, "आजी, जरा सरकता का? गाडी लावाची आहे."

"लाव न गा. मी काई उठत नाई."

तो गाडी मागे घेऊन गेला. सून म्हणते, अशी उन्हात बसून आजारी पडाल. मग सावली कुठून आणू? होती ती यांनी तोडली.