मिश्रीची डबी आता माझ्याकडे

आज सकाळी सासूबाईंना सातपूरला दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. गेले काही महिने जरा तिखट खाल्लं तरी त्यांचं तोंड पोळतं.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "तंबाखू खाता का, आजी?"

"नाय बाई! आमच्या घरात त्याला कुणी शिवत नाय," सासूबाई ठसक्यात म्हणाल्या.

डॉक्टरांनी त्यांचा खालचा ओठ ओढून पाहिला. हिरडीजवळ पांढरा चट्टा होता. "मग इथे काय लावता?"

"मिश्री. दात घासायला."

"मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच ना?"

"भाजल्यावर काय राहतं त्यात?"

डॉक्टर हसल्या नाहीत. सगळं राहतं, म्हणाल्या. हिरडीतून ते रक्तात जातं, म्हणून सकाळी मिश्री मिळाली नाही की डोकं धरतं. चट्ट्याचा तुकडा तपासायला पाठवलाय. कॅन्सरची शंका आहे. पण मिश्री आजच सोडली तर चट्टा कमीही होऊ शकतो.

घरी दारात रिक्षातून उतरल्यावर सासूबाईंनी कमरेची डबी काढून माझ्या हातात ठेवली.

"उद्या सकाळी मागेल मी. लय शिव्या देईल तुला. तरी देऊ नको."

देणार नाही.

तुमच्या घरातल्या बायकांना तंबाखू खाता का, असं विचारू नका. त्या नाही म्हणतील, आणि त्यांच्या मते ते खरंच असेल. दात कशाने घासता, हे आज विचाराल का?