आबांच्या दहाव्याचं लाइव्ह

कळंबच्या संस्कृती नावाच्या पोरीला ख्रिसमसची पहिली शिसारी आली ती वासानं. नेदरलँडमधल्या त्या घरात सणाचं जेवण स्वयंपाकघरात शिजत नव्हतं, टेबलावरच शिजत होतं. मधोमध विजेचा तवा, भोवती दहा माणसं, प्रत्येकाच्या हातात तळहाताएवढी कढई, आणि ज्यानं त्यानं आपापला मांसाचा तुकडा भाजून खायचा. डुक्कर, गाय, कोंबडी, सगळ्यांची चरबी एकाच वेळी चरचरत होती आणि त्याचा धूर पोरीच्या केसांत, स्वेटरात, पार नाकाच्या आत जाऊन बसला होता. तिच्या घरात चार पिढ्यांची तुळशीची माळ. अंडं उकडलेलं पातेलं त्यांच्या ओट्याला लागत नाही. घरमालकीण मारिके बिचारी भली बाई, तिनं संस्कृतीसाठी मश्रूम आणि चीज वेगळं ठेवलं होतं, कढईसुद्धा नवी आणली होती. पण वास काय वेगळा ठेवता येतो होय?

बरं, एवढं किळस येण्याजोगं होतं तर गेली कशाला? गेली ती आबांमुळं. दत्तोबा आबा, तिचा आजा. कळंबच्या मळ्यात ढोबळी मिरचीचं पहिलं शेडनेट उभं करणारा माणूस. लोक म्हणाले, "म्हाताऱ्याला जाळी बांधायचं खूळ लागलंय," आणि चार वर्षांनी तेच लोक जाळीवाल्याचा नंबर मागायला दारात आले. संस्कृती बारामतीला शेतकीच्या कॉलेजात गेली, तिसऱ्या वर्षाला सहा महिने परदेशात शिकायला दोन पोरं निवडली गेली, त्यात तिचं नाव आलं, तेव्हा घरात पहिला हात वर झाला तो आबांचा. पोरीचा बाप सोपान, स्वभावानं मवाळ. हो म्हणायलाही दुसऱ्याचं तोंड बघणार, नाही म्हणायलाही. धाकटा चुलता रविराजतात्या, त्याला पंचायत समितीचं तिकीट हवं होतं. तो म्हणाला, "पोरीला एवढ्या लांब धाडायची म्हंजी लोक काय म्हणतील?" आबा म्हणाले, "लोकांनी मिरच्या लावताना बी लई काय काय म्हणलं हुतं." झालं, विषय मिटला.

ऑगस्टमध्ये ती गेली. काचघरात मिरचीची झाडं दोरीवर कशी चढवतात, ते रोज फोनवर आबांना दाखवायची. आबा चष्मा पुसून पुसून बघायचे. नऊ डिसेंबरला शेवटचं बोलणं झालं. तिथल्या विद्यापीठानं पुढच्या दोन वर्षांच्या शिक्षणासाठी तिला जागा देऊ केली होती, शिष्यवृत्तीसकट. फक्त वडिलांच्या सहीचं हमीपत्र पाच जानेवारीच्या आत हवं होतं. आबा म्हणाले, "ऱ्हा की मग. बापाची सही मी करून घेतो."

त्यानंतर आबा फोनवर आलेच नाहीत. कधी "झोपल्यात", कधी "मळ्यात गेल्यात", कधी "त्यांच्या कानाचं मशीन बिघडलंय". सोपान असं काही बोलायचा आणि फोन घाईनं आईकडं द्यायचा. आई संजीवनी म्हणायची, "जेवली का?" आणि तिचा आवाज फाटायचा. संस्कृतीला वाटायचं, आपली आठवण येत असेल.

तर पंचवीस तारखेला दुपारी तीनला, त्या धुरात, तिच्या फोनवर प्राचीचा मेसेज आला. प्राची म्हणजे भवानीनगरची तिची शाळेपासूनची मैत्रीण.

"संस्कृती, राग नको मानू. पण आबांच्या दहाव्यादिवशी तू टोपी घालून नाचतानाचं स्टेटस ठेवायला नको होतं. घाटावर लोक फोन दाखवत होते एकमेकांना."

संस्कृतीनं ते तीनदा वाचलं. मग उठून संडासात गेली आणि प्राचीला फोन लावला.

आबा बारा डिसेंबरला गेले होते. सकाळी मळ्यात चक्कर येऊन पडले ते उठलेच नाहीत. तेरा दिवस झाले होते. दहावं झालं, तेरावं झालं, गाव जेवलं. आणि ही इथं मारिकेच्या गल्लीतल्या जत्रेत शनिवारी संध्याकाळी लाल टोपी घालून नाचली, त्याचा व्हिडिओ स्टेटसला ठेवला, आणि रविवारी सकाळी नीरेच्या घाटावर अख्खी भावकी तो बघत होती. "तुला म्हाईतच न्हवतं?" प्राची किंचाळली. "अगं पण सगळ्यांच्या स्टेटसला भावपूर्ण श्रद्धांजली हुती!"

होती ना. पण संस्कृतीला सोडून. रविराजतात्यानं भावकीतल्या एकूण एक माणसाला दम दिला होता, पोरीला दिसता कामा नये. चाळीस-पन्नास माणसांनी आपापल्या फोनमध्ये बसून तिचं एकटीचं नाव वगळलं होतं. ज्या चुलत्याला एकगठ्ठा चार मतं जमवता आली नव्हती, त्यानं ह्या कामात सगळं घराणं एक केलं.

तिनं तिथूनच घरी फोन लावला. सोपाननं उचलला.

"पप्पा, आबा कुठायत?"

"आबा... आत्ताच झोपल्यात बघ."

"मेलेल्या माणसाला झोपलाय म्हणताना तुमची जीभ कशी झडली न्हाय हो?"

मग फोन तात्यानं घेतला. "हे बघ पोरी, तुझ्या भल्यासाठीच. तुझा तितला सण, परीक्षा... तिकीट काढून यायला दोन दिवस लागलं असतं, तवर आबाला काय ठिवणार हुतो का? आन आता कळलंच हाय तर ऐक. घरात गमी झाली म्हंजी वर्षाच्या आत लगीन करायचं, न्हायतर तीन वर्षं कार्य न्हाय. भवानीनगरचं स्थळ हाय, शंभूराज, कारखान्यात पर्मनंट. मे महिन्यात उरकू."

"मला दोन वर्षं हितं शिकायचंय. आबांनी सांगितलं हुतं."

"आबाची इच्छा तू मला नगं सांगू. दहाव्याला कावळा शिवना. दीड तास झाला. मग नातीच्या लग्नाचं वचन दिलं आन कावळा झपकन आला. साऱ्या गावानं बघितलंय. आता मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडतीस का?"

कुणाच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही की गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असं समजतात, आणि घरची माणसं हात जोडून एकेक वचन देत जातात. आपल्याकडं हे सांगायला नको. पण असं वचन एकदा चारचौघांत गेलं की पोलीस ठाण्यातला कागद बरा, तो तरी फाटतो. आबांनी आयुष्यात तिच्या लग्नाचा एक शब्द काढला नव्हता, आणि आता मेल्यावर त्यांच्या तोंडी चुलत्यानं लग्न घातलं. तिला खरोखरच ओकारी आली. धुरानं नाही.

बाहेर मारिके दाराशी उभी होती. चेहरा बघून तिनं विचारलं, काय झालं? संस्कृतीनं सांगितलं, आजोबा गेले. मारिकेनं जवळ घेतलं. कधी? तेरा दिवसांपूर्वी. मारिकेचे हात थांबले. आणि तुला आज सांगितलं? का?

आता काय सांगावं? आमच्या घरच्यांनी खोटं बोलून मला फसवलं, हे परक्या बाईला सांगायचं? संस्कृती म्हणाली, "आमच्यात तशी पद्धत आहे. लांब असलेल्याला सण संपेपर्यंत सांगत नाहीत." मारिकेनं समजूतदारपणे मान हलवली, जणू एखादी प्राचीन चालरीत ऐकली. अशी कुठलीही पद्धत नाही. हिनं जागच्या जागी बनवली, घराची लाज झाकायला. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे रक्तातच असतं. आपणही तात्याच्याच जातकुळीतल्या, असं वाटून तिला स्वतःचीच शिसारी आली. परत येऊन ती टेबलाशी बसली, मश्रूम परतले, आणि एकही घास गिळला नाही.

दुसऱ्या दिवशीसुद्धा तिथं ख्रिसमसच असतो. एका दिवसात भागत नाही त्यांचं. घरची माणसं पाहुण्यांकडं गेली, संस्कृती डोकं दुखतंय म्हणून मागं राहिली. तेवढ्यात प्राचीनं एक लिंक पाठवली. "लाइव्ह होतं दहाव्याचं. बघायचं असलं तर."

हे वाचून ती चक्क हसली. चाळीस-पन्नास माणसांची तोंडं बंद केली, स्टेटस लपवले, आणि त्याच चुलत्यानं दहावं मात्र कॅमेरा लावून यूट्यूबवर जगभर दाखवलं! तिकिटाच्या हावेपायी अक्कल गहाण टाकलेला माणूस. आपली पोर सोडून अख्ख्या पृथ्वीनं बघावं अशी त्याची सोय होती.

व्हिडिओ पावणेतीन तासांचा होता. वर पट्टीवर आबांचा फोटो बोराएवढा आणि रविराजतात्याचा भोपळ्याएवढा. तासभर पुढाऱ्यांची भाषणं. कारखान्याचे आजी संचालक, माजी संचालक, होऊ घातलेले संचालक. एकानं आबांचं नाव दोनदा सावळाराम घेतलं, दोन्ही वेळा कुणी दुरुस्त केलं नाही. मधूनच रस्त्याच्या कामाचा विषय, मधूनच येत्या निवडणुकीचा. आबांनी मिरची लावली हे एकानंही सांगितलं नाही. संस्कृती दात चावत बघत राहिली.

मग पिंड. नदीकाठी केळीच्या पानावर भात, आणि मागं सगळे हात जोडून. लाइव्हला जोडलेला एक माईक तिथंच पिंडाशेजारी उभा ठेवलेला, काढायला कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. तात्या वचनं देत होता. "आबा, बोअर पाडतो. आबा, समाधी बांधतो. आबा, आमी भाऊ भाऊ एक ऱ्हातो." कावळे समोरच्या बाभळीवर बसून ऐकत होते, हलत नव्हते. एवढ्यात कुणी मोठा पुढारी आला. तात्या त्याला घ्यायला पळाला आणि कॅमेराही त्याच्या मागं पळाला. पडद्यावर हारतुरे, नमस्कार, गाडीचं दार. पण आवाज अजून माईकचाच येत होता. आणि त्यात सोपानचा आवाज आला, हळू, जवळचा, रडवेला.

"आबा, संस्कृतीला शिकू देतो. तिच्या मागं लग्नाचा धोशा लावत न्हाय. सही करतो, आबा. तुमच्या पायाची आन."

लगेच पंखांची फडफड, आणि बायकांचा गलका, "शिवला, शिवला!"

कॅमेरा धापा टाकत परत आला तोवर कावळा भात घेऊन उडालेला. तात्या पुढं झाला. "काय म्हणला रं दादा?" सोपान गप्प. तात्यानं क्षणभर त्याच्याकडं बघितलं, माईक हातात घेतला आणि जाहीर केलं, "आबांची इच्छा हुती, नातीचं लगीन! कावळ्यानं कौल दिला!" आणि सोपाननं, तिच्या बापानं, मान डोलावली.

तेवढा तुकडा संस्कृतीनं चार वेळा बघितला. चुलता लबाड आहे हे गावातलं शेंबडं पोरगंही सांगेल, त्याचं नवल नव्हतं. पण ही डोलणारी मान! मेलेल्या बापाच्या पायाची शपथ घ्यायची आणि मिनिटाच्या आत ती गिळायची. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, एवढं शेतकीचं शिकलेल्या पोरीला कळत होतं. कावळा भुकेजला म्हणून आला. पण बाप तर बोलला होता ना? त्याला कुणी बोलायला लावलं नव्हतं.

तिनं फोन लावला. घरी संध्याकाळ होती, तात्या बाहेर गेलेला. ती काही बोलली नाही. लॅपटॉपवर तो तुकडा लावला आणि फोन त्याच्याजवळ धरला. सोपाननं स्वतःचा आवाज ऐकला, फडफड ऐकली, बायकांचा गलका ऐकला.

तिला वाटत होतं, आता म्हणतील, चुकलं पोरी. एवढंच म्हणावं. एवढ्यावर ती सगळं सोडून द्यायला तयार होती.

सोपान म्हणाला, "सही करून धाडतो. पण ह्ये कुणाला दावू नगंस. लोकांत तात्याची शोभा हुईल."

"तात्याची?"

"आन माझी बी."

नको तुमची सही, असं संस्कृतीच्या ओठांपर्यंत आलं होतं. हा तुकडा भावकीच्या ग्रुपवर टाकला असता तर दोन मिनिटांत आबांचं खरं म्हणणं साऱ्या कळंबला कळलं असतं. पण मग सही आली नसती. पाच तारीख दहा दिवसांवर होती.

"न्हाय दावत," ती म्हणाली.

आईनं फोन घेतला. तिला सगळं ऐकू गेलं होतं. "मी रोज सांगते म्हणत हुते गं," एवढंच बोलली, आणि मग म्हणाली, "धा दिवस उलटल्यावर कळलं, म्हंजी सुतक न्हाय तुला. नुसती डोक्यावरनं अंघोळ कर. उघडी नगं, अंगावर कपडं घेऊन कर."

तिनं केली. कपड्यांसकट पाण्याखाली उभी राहिली, आणि आबा गेल्याचं कळल्यापासून पहिल्यांदा रडली. दोन दिवस संतापानं आणि किळसेनं आबांना जागाच ठेवली नव्हती. मोठ्यानं रडली, घरात कुणी नव्हतं.

बाहेर आली तेव्हा सही येऊन पडली होती. सोपानची वळणदार, मराठी शाळेतली सही, हमीपत्राच्या खाली. रविराजतात्या मढ्याच्या टाळूवरचं लोणी खातो, असं ती कालपासून मनात शंभरदा म्हणाली होती. आबा खोट्यात गाडले गेले ते तसेच राहणार होते, गावाच्या लेखी त्यांची शेवटची इच्छा नातीचं लग्नच राहणार होती, आणि ती गप्प राहणार होती, दोन वर्षांच्या बदल्यात. तिनं केस पुसले, विद्यापीठाचा फॉर्म उघडला, सही जोडली आणि पाठवून दिली.