पुढचा डावा दात

कवळीवाले काका गेली चौतीस वर्षं लोकांचे दात करत होते, पण ते कुणाच्या तोंडात बसलेले त्यांनी कधी पाहिले नव्हते. दातांचे डॉक्टर पेशंटचं माप घेऊन त्यांच्याकडे पाठवत. काका त्यावरून प्लास्टरचा साचा करत, मेणात एकेक दात लावून बघत आणि पक्की कवळी करून परत धाडत. माणूस कोण, तापट की गरीब, काही पत्ता नसे. माझी सगळ्यांशी तोंडओळख आहे, ओळख कुणाशीच नाही, असं म्हणून स्वतःच हसत.

गेल्या वर्षी त्यांची बायको गेली. ताप काय आला, चार दिवसांत सगळं आटोपलं. लेक म्हणाली, बाबा, आता पुरे, कारखाना आवरा आणि माझ्याकडे राहायला या. काका कसले ऐकतायत! सकाळी उठून दाढी करायचे आणि आठच्या ठोक्याला कारखान्याचं कुलूप काढायचे. माणूस कामामुळे कसा सावरला बघा, असं लोक कौतुकानं बोलत. काकांनाही तसंच वाटत होतं. घरात भिंती खायला उठायच्या, पण मेणात पुढचे सहा दात लावून झाले की जीव थाऱ्यावर यायचा. का, ते त्यांनी स्वतःला कधी विचारलं नाही.

एका दुपारी दारात एक आजोबा येऊन उभे राहिले. पेशंटकडचं माणूस कधी तिथवर येत नसे. हे डॉक्टरांकडून पत्ता काढून आले होते. तीन आठवड्यांपूर्वी काकांनी त्यांच्या बायकोची कवळी केली होती. टोचते का, सैल होते का, काकांनी विचारलं. तसं काही नव्हतं, कवळी अगदी बेतशीर बसली होती. पण आजींना हल्ली विसरायला व्हायचं. मुलांची नावं गेली होती, कुठल्या मजल्यावर राहतो तेही गेलं होतं. स्वतःचा चेहरा तेवढा आठवणीत शाबूत राहिला होता.

"आता आरशात बघते आणि मला विचारते, ही बाई आपल्या घरात कधी आली," आजोबा म्हणाले. "घाबरते हो. मी आरशावर चादर टाकलीय. तुमच्यावर राग नाही माझा, पण जेवायला बसलो की मलाही समोर दुसरंच कुणी बसल्यासारखं वाटतं."

त्यांनी कवळीची डबी आणि एक जुना फोटो टेबलावर ठेवला. काकांनी डबी उघडली आणि त्यांच्या पायाखालची जमीनच सरकली. पुढचा डावा दात शेजारच्या दातावर किंचित चढलेला होता. तो त्यांच्या बायकोचा दात होता. लग्नानंतर वर्षभर ती त्यापायीच तोंडावर हात धरून हसायची. काकांनी टेबलावरची, पाठवायला तयार असलेली कवळी उचलली. तिच्यातही तोच दात. वही काढून पाहिली. ती गेल्यापासून अकरा जणांना कवळ्या गेल्या होत्या. डोक्याला पत्ता लागू न देता हातांनी हा उद्योग केला होता.

काकांना आधी आनंद झाला. लाज वाटावी असा आनंद, पण झाला. ती अकरा ठिकाणी हसत होती. मग त्यांना चादर टाकलेला आरसा आठवला, आणि एका म्हाताऱ्या बाईला तिच्याच घरात आपण भूत दाखवलं, या विचारानं त्यांनी डबी पटकन मिटली.

चार दिवस द्या, एवढंच ते म्हणाले.

फोटो समोर ठेवून त्यांनी दात लावले. मागे होऊन पाहिलं तर डावा दात चढलेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काका मनातून हादरले. हाताची ही खोड गेली नाही तर कारखाना बंद करावा लागणार होता. आणि गेली, तर सकाळी उठून इथे यायचं तरी कशासाठी? दोन्हीकडून मरणच होतं.

तिसऱ्या दिवशी त्यांनी वरच्या फळीवरून बायकोचा साचा उतरवला. कधीकाळी तिची दाढ करायची म्हणून तो केला होता. साचा उजवीकडे, फोटो डावीकडे. एकेक दात लावायचे, साच्याकडे बघायचे आणि विचारायचे, "हा तुझा नाही ना?" तिचा वाटला की काढायचे. फोटोतली तरुण बाई तोंडभर हसत होती आणि तिच्या पुढच्या दोन दातांत चांगली ठसठशीत फट होती. नव्या कवळीत फट ठेवणं म्हणजे कामात खोट. काकांनी ठेवली.

कवळी घेऊन ते स्वतः गेले. आजींनी ती घातली, फटीवरून जीभ फिरवली. आजोबांनी आरशावरची चादर काढली. आजी बराच वेळ बघत राहिल्या.

"कुठं होतीस इतके दिवस?" त्या आरशाला म्हणाल्या, आणि हसल्या.

आजोबा दाराची कडी धरून रडले. काकांना ते हसू मुळीच ओळखीचं नव्हतं. ते बघतच राहिले.

घरी आल्यावर त्यांनी लेकीला फोन करून सगळं सांगितलं. आता दहा जणांची हसणी परत करायची आहेत, ती झाल्याशिवाय कुठे येत नाही, म्हणाले. डॉक्टरांमार्फत एकेकाला बोलावलं, फोटो मागितले, समोर बसवून बोलतं केलं. कोण कसा हसत असेल याची आता सकाळपासून त्यांना उत्सुकता लागलेली असायची. वर्षभरात नऊ झाले.

दहावा समोरच्याच इमारतीतला निवृत्त पोस्टमन होता. सकाळी गॅलरीत पेपर वाचता वाचता मोठ्यानं हसायची त्याला सवय, पण कामावर जायच्या गडबडीत काकांनी त्याच्याकडे कधी धड पाहिलंच नव्हतं. आता पाहत होते. त्याला कधी बोलावणार, असं लेक प्रत्येक फोनवर विचारायची, आणि काका म्हणायचे, बोलावतो. शेवटी ती कंटाळून स्वतःच आली. आईचं भूत असं लोकांच्या तोंडात ठेवायचं नसतं, हे बापाला समजवायचं असं ठरवूनच आली होती.

सकाळी ती खिडकीशी चहा घेत उभी होती. समोर पोस्टमन गॅलरीत आला, पेपर उघडला आणि कशालातरी खदखदून हसला. लेकीचा कप हातातच राहिला. चहा पार निवला तरी ती तिथून हलली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "यांना नका बोलावू."