मला अजून कळलेलं नाही

चष्मा कपाळावर चढवून डॉक्टरीणबाई म्हणायच्या, “मला अजून कळलेलं नाही.” डॉक्टरांच्या तोंडून असं वाक्य तुम्ही कधी ऐकलंय का? मी तोवर ऐकलं नव्हतं. वर्गात समजलं नाही तरी मान हलवणाऱ्यांपैकी मी. मला त्यांचीच लाज वाटली.

टेमघरला त्यांची लहानशी पॅथॉलॉजी लॅब होती. आईच्या स्तनातल्या गाठीचा सुईने काढलेला तुकडा तिथे तपासायला आला होता. गाठ दगडासारखी टणक. सोनोग्राफी बघून सर्जन म्हणाले होते, बहुतेक कॅन्सरच. रिपोर्ट तसा आला तर स्तन काढावा लागेल. घरात कॉलेजात गेलेली मी एकटीच, म्हणून आमच्या दिघाशीहून रिपोर्टसाठी खेपा घालायचं काम माझं. तिसऱ्या खेपेला बाबाही आले. ते लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कापड विणतात.

“डॉक्टरीणबाई, कापडात खोट हाय का न्हाय, ते मी बघताक्षणी सांगतो. तुमच्याकडं एवढी मशिनं, तरी कळत न्हाय?”

“खोट मलाही दिसतेय. धागा कुठे तुटला, तेही बघताक्षणी सांगता?”

बाबा म्हणाले, “त्याला लूम बंद करावी लागते.”

“मग माझीही लूम चार दिवस बंद समजा. मला त्या तुकड्याला आणखी एक रंग लावून बघायचाय. तो इथे होत नाही, मुंबईहून करून आणते.”

परतताना बाबा रिक्षात एवढंच म्हणाले, “बाई कामाची हाय.”

चौथ्या दिवशी त्यांनी माझ्यासोबत आईलाही बोलावलं. रिपोर्टवर ‘ट्यूमर’ शब्द दिसला आणि मी कागद मिटायला लागले.

“थांबलीस का? पुढे वाच.”

ग्रॅन्युलर सेल ट्यूमर. क्वचित सापडणारी, कॅन्सरचं सोंग घेणारी साधी गाठ.

“फक्त गाठ काढायची,” त्या आईला म्हणाल्या. “काढल्यावर सगळी पुन्हा बघेन. पण आज जेवा नीट.”

मग त्यांनी आईला मायक्रोस्कोपपाशी बसवलं. आईने एक डोळा तळहाताने झाकला.

“रवा सांडल्यावानी दिसतंय.”

“इतकी वर्षं बघतेय, एवढं नेमकं मला नाही सुचलं,” त्या म्हणाल्या. आई महिन्याभरात पहिल्यांदा हसली.

गाठ निघाली, साधीच निघाली. यंदा लॅब बंद करून त्या मुलीकडे दूर राहायला गेल्या. जाण्याआधी त्यांनी तपासलेल्या तुकड्यांच्या काचा ज्याच्या त्याला परत केल्या. आईची काच आमच्याकडे रेशनकार्डाच्या डब्यात असते. आई कधीमधी ती उजेडात धरते. फिकट गुलाबी ठिपका दिसतो. तेवढा बघून ती काच पदराने पुसते आणि जागेवर ठेवते.