ऋचाला काहीही विचारू नये!

आमच्या घरात दहावीचा ताण येणार नाही, असं मी ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे थेट वेळापत्रकातच घातलं : 'सहा ते साडेसहा, ताणमुक्त राहणे.' (त्याला उशीर झाला की मी ओरडायचे.)

लेकीला, ऋचाला, मात्र रविवारी हँडबॉलची मॅच खेळायची होती.

"आई, मी कॅप्टन आहे!"

"रविवारी सराव परीक्षा आहे. विषय संपला."

ती रडली नाही. फक्त जेवली नाही. मग मात्र माझं धाबं दणाणलं आणि मी ताबडतोब कामाला लागले. नातेवाईक, शेजारी, सगळ्यांना मेसेज : 'ऋचाला अभ्यासाबद्दल काहीही विचारू नये. कारण विचारू नये. घरी आल्यास हसतमुख राहावे.'

दुसऱ्याच दिवशी विंचूरहून माझ्या थोरल्या नणंदबाई, आक्का, दारात हजर. हातात शहाळी, चेहऱ्यावर सूचनेप्रमाणे हसू आणि डोळ्यांत पाणी!

"सुनंदा, पोरगी डोळ्यापुढं हाय ना? मग बास! शाळा लय हायेत."

"अहो आक्का, तसं काहीच झालेलं..."

"नाय नाय, मी कारण इचारतच नाय!"

मागोमाग शेजारच्या शबानाभाभी आल्या. "सब्र करा, भाभी," म्हणाल्या. चहाला हात लावला नाही आणि निघताना 'येते' म्हणाल्या नाहीत. आमच्याकडे असं फक्त मयताच्या घरी करतात! (आमच्या रीती त्यांना माझ्याहून जास्त पाठ.)

संध्याकाळपर्यंत इंदिरानगरातले आमचे झाडून सगळे नातेवाईक जमले. क्लासहून आलेल्या ऋचाने दाराबाहेर चपलांचा ढीग पाहिला आणि ती किंचाळली, "आई! कोण गेलं?"

सगळे तिच्याकडे बघून एकदम हसले. सूचनेप्रमाणे!

आक्कांनी तिला कुशीत ओढलं. "तुला काय पायजे बाळा? नुसतं सांग."

पोरगी माझीच! एका क्षणात तिने परिस्थिती ओळखली. "रविवारची मॅच," बारीक आवाजात म्हणाली.

"खेळ!" अख्खी खोली गरजली.

"अहो, पण सराव परीक्षा..."

"सुनंदा! अभ्यासाचं नाव काढायचं नाय. तूच लिवलंय!"

रविवारी ऋचा मैदानभर वाऱ्यासारखी पळाली. हरली, तरी हसत घरी आली आणि चार पोळ्या जेवली. मीही मैदानाच्या कडेला गप्प बसले होते. मध्यंतरात फक्त कोचसरांच्या हातात एक कागद दिला : 'संघात करावयाच्या सुधारणा.' क्रमांक घालून.

सरांनी तो शेवटपर्यंत वाचला, हसतमुख राहिले आणि मला एक शहाळं पाजलं.