सयाजीच्या देखाव्यातली दारू

शिवाजी पेठेत नळाला पाणी सोडणारा सयाजी हा आमच्या मंडळाचा लेखकही होता. गणपतीत सजीव देखावा असतो ना, बारा मिनिटांचा, संवाद कॅसेटवर आणि पोरं नुसते ओठ हलवणार, तो दहा वर्षं हाच लिहायचा. बायकोला, बयाबाईला, मात्र कधी दोन ओळींची चिठ्ठी लिहिली नाही. हे बयाबाईनंच मला सांगितलं, मी विचारलं नव्हतं. बरं, विचारलं होतं.

अठ्ठ्याण्णव साली तो पटकथेच्या तीन दिवसांच्या शिबिराला गेला आणि वहीत डोंगर काढून परत आला.

"आण्णा, गोष्ट अशी चढत जाया पायजे. आधी माणूस, मग अडचण, मग टोक, मग उतार."

"मग दहा वर्षं काय लिहीत होतास?"

"त्येच कळंना झालंय."

त्या वर्षी त्यानं शिबिराबरहुकूम दारूचा देखावा लिहिला. नवरा पितो, घर मोडतं, पोरगी आजारी पडते, शेवटी तो बाटली फोडतो. अध्यक्ष हंबीरराव म्हणाले, "जमलं तर ठीक. न्हाय तर फुडच्या साली अतुल लिहील. कॉलेजातला हाय." सयाजीचं तोंड एवढंसं झालं.

पहिल्याच संध्याकाळी घोटाळा. रांग थोडीच थांबते? माणसं मधेच आत शिरत, शेवट बघत, कॅसेट पुन्हा लागली की सुरुवात बघत बाहेर पडत. त्यांना दिसलं काय? गड्यानं बाटली फोडली आणि लगेच दुसरी उघडली!

"ह्यो सुधारतोय का बिघडतोय?" हंबीरराव गरजले. "उद्या सरळ कर."

दुसऱ्या दिवशी सयाजी मला घेऊन रांगेत उभा राहिला. वहीतला डोंगर सरळ धरून बघितला, उलटा धरून बघितला. आमच्या पुढं उचगावच्या बाळाबाई होत्या. बाटली फुटली, त्यांनी हात जोडले. नवी बाटली उघडली, तशा त्या कठडा धरून खालीच बसल्या.

"मावशी, चला फुडं," कार्यकर्ता म्हणाला.

"चला म्हणं! आमचा बी असाच सोडतोय न् परत धरतोय. ह्येनं सोडल्याबिगर मी हलत न्हाय."

आणखी चौघी बसल्या. रांग तुंबली ती पार पलीकडच्या मंडळाच्या दारात. हंबीरराव तावातावानं आले, रांगेचं शेपूट बघितलं आणि मिशीत हसले. आमच्याकडं देखावा रांगेवरच मोजतात.

"एक अक्षर बदलू नगंस. फुडच्या साली बी तूच."

सयाजी खूश व्हायचं सोडून वहीकडंच बघत राहिला. "आण्णा, मग टोक कुठलं धरायचं? फोडली त्ये, का उघडली त्ये?"

मला काय कळतंय! बाळाबाईंना विचार म्हटलं. तो वाकला, तर बाईंनी हातानंच त्याला गप्प केलं. बाटली फुटायची वेळ झाली होती.